एक तरी न फुटलेलं

दगड फोडून माणूस थकतो, दगड थकत नाय. एवढं कळायला माझी अख्खी कंबर खर्ची पडली. दुसऱ्या कुणाला फुकटात कळलं असतं.

मी पोकलेन चालवायचो. इमारतीचा पाया खणताना ते पिवळं धूड दिसतं ना, पुढं बकेट नायतर दगड फोडायचा ब्रेकर लावलेलं, ते. वारजे, कर्वेनगर, धायरी, सगळीकडं खड्डे केले. लोक म्हणतात अमक्यानं इमारत बांधली. खड्डा कुणी केला ते कोण विचारत नाय, आणि मी पण कधी सांगितलं नाय, कारण खड्ड्यात काय मोठेपणा असतो? शिक्षण म्हणाल तर चौथी. शाळा मी सोडली असं घरात सांगायची पद्धत हाय. खरं तर शाळेनंच मला सोडलं होतं.

त्यामुळं माझ्या आयुष्यात 'सर' म्हणावं असा एकच माणूस आला, आणि तो पण मी चाळिशी ओलांडल्यावर.

झालं असं. वारज्याला एका साइटवर ब्रेकर मारता मारता काळ्या कातळात एकदम पोकळी लागली. आत नुसतं चकाकतंय. पांढरं, गुलाबी, काचेसारखं. मला वाटलं हिरे. मी इकडं तिकडं बघितलं, पहारीनं ते सगळं खणाखणा फोडलं आणि जेवणाच्या डब्यात भरलं. भाजी ओतून दिली त्यासाठी. आमच्या आळीतल्या सोनारानं डबा उघडला, बघितलं आणि झाकण लावून परत दिला. म्हणाला, "कर्वेनगरला एक म्हातारे सर हायत, दगडवाले. त्यांच्याकडं जा. माझ्याकडं हसायला गिऱ्हाइकं बसलीत."

सरांच्या दारावर पाटी होती. 'दगड हाताळून जागेवर ठेवणे. मुलांनी अवश्य हाताळावेत. पालकांनी लांबून पाहावे.' मी मुलगा पण नव्हतो आणि पालक पण नव्हतो, त्यामुळं दारातच थांबलो.

सर म्हणजे किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत हातोडी. घरात पण पिशवी खांद्यालाच. त्यांनी डबा घेतला, वर्तमानपत्र अंथरलं आणि एकेक तुकडा मांडायला लागले. मला वाटलं भाव करतायत. तर ते तुकडे एकमेकांना जोडून बघत होते, फुटलेली कपबशी जोडतात तसे. बराच वेळ. एक पण जुळेना.

"हे आपण डब्यातून आणलंत," ते म्हणाले. "त्याआधी हे भिंतीत होतं. भिंत कुठे आहे?"

"फोडली ना सर."

"का?"

आजपर्यंत मला कुणी 'का फोडलं' असं विचारलंच नव्हतं. 'अजून का नाय फोडलं' एवढंच विचारायचे.

"साडेसहा कोटी वर्षं ते तिथे नीट होतं," सर म्हणाले. "आपण येईपर्यंत."

हे ते रागावून बोलले नाय. रागावले असते तर बरं झालं असतं, मी उलटं बोलून निघून आलो असतो. त्याऐवजी मी खाली बसलो, आणि पुढं कितीतरी रविवार बसतच राहिलो.

रविवारी सकाळी सर पोरांना दगड शिकवायचे. सात-आठ पोरं यायची. मी कोपऱ्यात, एकटाच मिशावाला. पहिल्याच दिवशी त्यांनी रस्त्यावरची खडी प्रत्येकाच्या हातात दिली आणि सांगितलं, याला दहा प्रश्न विचारा. पोरं विचारत होती, तू आधी काय होतास, तुझ्यात काय काय हाय, तुला ओरखडा उठतो का. माझा एकच प्रश्न होता, जेवायला कधी सोडणार. तो मी विचारला पण. सर म्हणाले, "हा प्रश्न दगडाला नव्हता. नऊ राहिले."

त्यांचं शिकवणं सगळं फराळाच्या डब्यातून चालायचं. म्हणायचे, दगड म्हणजे चिवडा आणि खनिजं म्हणजे त्यातले पोहे, दाणे, डाळं. ग्रॅनाइट घ्या, त्यात दाणा वेगळा, डाळं वेगळं, डोळ्यांना दिसतं. आपला पुण्याचा काळा दगड म्हणजे बसाल्ट. तो चिवडा मिक्सरमधून काढलेला. सगळं तेच, पण दिसत नाय, भिंग लागतं.

"मग सर, मुरूम?" मी विचारलं. मुरूम मी आयुष्यभर उचललाय.

"डब्याच्या तळाशी राहून सादळलेला चिवडा," सर म्हणाले.

पोकळ्या कशा होतात ते पण त्यांनी तसंच सांगितलं. लाव्हा आला, थरावर थर, आंबोळीवर आंबोळी ठेवल्यासारखा. त्यात वाफ अडकली. आंबोळीला जाळी पडते तशी भोकं राहिली, काही मोहरीएवढी, काही पातेल्याएवढी. मग त्यात पाणी झिरपलं. पाण्यानं जाताना विरघळलेलं खनिज थोडं थोडं तिथंच ठेवलं. इतकं हळू की बघायला कुणीच नव्हतं. "आपल्या सगळ्यांच्या पायाखाली अशी बंद घरं आहेत," सर म्हणायचे. "आत पूर्ण अंधार. आणि सगळं सजवलेलं."

सरांची एक खोड होती, ते दगड चाटायचे. ओला झाला की रंग कळतो, आणि काही दगड जिभेला चिकटतात, त्यावरून ओळखता येतात. पोरं पण चाटायची. आया दारात उभ्या राहून डोळे मिटून घ्यायच्या. मला पण सवय लागली. एकदा कॉन्ट्रॅक्टरनं मला साइटवर खडी चाटताना बघितलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी एक डबा जास्तीचा मागवला.

मुठेच्या काठी एकदा मला पांढराशुभ्र, गुळगुळीत, निळसर झाक असलेला दगड सापडला. चाटला. जिभेला चिकटेना. म्हटलं काहीतरी भारी हाय. धावत सरांकडं. सरांनी तो बोटांवर फिरवला, उजेडात धरला, तोंडापर्यंत नेला आणि थांबले.

"आपण चाखलात?"

"हो सर."

"मग मी चाखायची गरज नाही. हे संडासाचं भांडं आहे."

पोरं आठवडाभर हसत होती. मी चूळ भरत होतो.

पण सरांची हौस दगड गोळा करायची नव्हती. ते मला हळूहळू कळलं. नमुने त्यांच्याकडं पलंगाखालपर्यंत होते. त्यांना पोरांना एक न फुटलेली पोकळी दाखवायची होती, जागच्या जागी, कातळात, आतलं सगळं साबूत. "कपाटातला नमुना म्हणजे घरातून उचलून आणलेली खुर्ची," ते म्हणायचे. "घर कसं होतं ते त्यावरून कळत नाही." सुरुंगवाले, विहीरवाले, पोकलेनवाले, सगळ्यांना त्यांनी सांगून झालं होतं. कुणी थांबत नसे. थांबलं की काम अडतं. मग त्यांनी माझ्या केबिनमध्ये, काचेच्या वर, खडूनं लिहिलं, 'पोकळी लागली की थांबणे.' आणि खाली त्यांचा फोन नंबर. मी शब्द दिला. "आपल्यावर सोपवतोय," ते म्हणाले. मला तेव्हा भारी वाटलं होतं. माणसानं माझ्यावर काहीतरी सोपवायचं म्हणजे त्याला दुसरं कुणीच मिळालेलं नसतं, हे तेव्हा लक्षात नाय आलं.

वर्षभरात लागली पण पोकळी, कर्वेनगरलाच. तेव्हा मी फोनवर बायकोशी भांडत होतो. विषय काय तर घरी येताना आणायची मेथी. एका हातात फोन, एका हातात दांडा. ब्रेकर आत घुसला आणि कर्रर्र आवाज आला. खाली उतरलो तर पांढरा चुरा. मेथी पण नाय आणली त्या दिवशी.

रविवारी सरांना सांगितलं, "पोकळी लागली होती सर, पण रिकामी. आत काय नव्हतं."

सरांनी वाकून माझ्या बुटावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. ते त्यांनी जिभेला लावलं.

"रिकामी," ते म्हणाले, आणि पोरांकडं वळले.

तेवढंच. शिव्या देणारा माणूस देऊन मोकळा होतो. हे असं म्हणजे वर्षानुवर्षं पोटात राहतं.

भरपाई म्हणून मी एक काम अंगावर घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत पोरांचं दगडांचं प्रदर्शन असायचं. सर कुठंतरी बाहेर गेले होते. मी पोरांना म्हटलं, नमुने मी धुवून चकाचक करतो. फरशीवरचे डाग ज्यानं एका मिनटात जातात ते ॲसिड मला माहीत होतं. एक टब भरला आणि तीन ट्रे त्यात सोडले.

सोड्याची बाटली फोडल्यासारखा आवाज. फस्सस. मला वाटलं मळ निघतोय. बघता बघता धारदार खडे चोखलेल्या गोळ्यांसारखे गोल झाले. काचेच्या सुया होत्या त्या खळीसारख्या चिकट. शेवटी टबात उरलं ते कुणाला ओळखू येत नव्हतं. मला तर आधी पण येत नव्हतं.

सर आले. टबासमोर उभे राहिले. त्यात एक मधाच्या रंगाचा मोठा खडा होता, तो त्यांना कॉलेजात असताना सापडलेला. त्यातलं जे उरलं होतं ते त्यांनी हातात घेतलं आणि टॉवेलनं पुसलं, लहान पोराचं डोकं पुसतात तसं.

"सर, मी..."

"कॅल्साइट आम्लात फसफसतो," सर म्हणाले. "हे मी दर वर्षी एका थेंबात दाखवतो. आपण टबात दाखवलंत."

प्रदर्शनात त्यांनी तो ट्रे तसाच मांडला. पुढं चिठ्ठी लावली, 'आम्लाचा परिणाम. प्रयोगकर्ता : एक हितचिंतक.' सगळ्यात जास्त गर्दी तिथंच झाली.

मग सरांचे डोळे गेले. काचबिंदू. कडेकडेनं अंधार आत येत गेला. तरी रविवार चुकला नाय. हातात घेतला की दगड ओळखायचे, वजनावरून, गारव्यावरून, चाटून. फक्त पोकळीचं बोलायचे बंद झाले. मी केबिनमधला खडू पुन्हा पुन्हा गिरवायचो, पावसाच्या ओलीनं पुसला जायचा म्हणून. पण ते मला काय विचारायचे नाय आणि मी काय सांगायचो नाय.

शेवटचा खड्डा धायरीत केला. आमच्याच वावरात. चुलत्यांनी बिल्डरला जमीन दिली, बिल्डरनं कॉन्ट्रॅक्टरला काम दिलं आणि कॉन्ट्रॅक्टरनं मला आमचीच जमीन खणायला लावली. बापजाद्यांनी दगड वेचून वेचून जे रान केलं होतं, त्याचा मी परत दगड केला.

बांधावर म्हसोबा होता, शेंदूर लावलेला. डोळे असताना सर एकदा आले होते तेव्हा त्यांना तो दगड बघायचा होता. माझी आई आडवी आली. "देवाला हातोडी लावायची न्हाय हां."

"हात पण लावणार नाही आजी," सर म्हणाले आणि लांबून भिंग धरलं. मग म्हणाले, "तुमचा देव खरंच जुना आहे. आमच्या घरातले सगळे त्याच्याहून लहान." आई त्या दिवसापासून सरांना देवमाणूस म्हणायला लागली. मला ती आजपर्यंत माणूस पण म्हणालेली नाय.

तर त्या खड्ड्यात, रविवारी सकाळी, ब्रेकरचा आवाज बदलला. भरीव दगड ठणकतो. हा भद्द वाजला. सरांनी शिकवलेल्यातलं मला जर काय आलं असेल तर एवढंच. मी दांडा सोडला. खाली उतरलो, हातानं कपच्या काढल्या. वीतभर भोक होतं. मोबाइलची बॅटरी आत धरली आणि परत बंद केली. उगाच. बघून काय झिजणार होतं थोडंच.

सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, थांबलोय."

पलीकडं पोरांचा गलका होता, तो शांत झाला. "आलो," सर म्हणाले.

साइट इंजिनिअर म्हणजे पंचविशीचा पोरगा. धावत आला. "काका, मशीन बंद का? दुपारी वॉलचं काँक्रीट आहे, मिक्सर निघालाय प्लांटवरून."

"पाइप फुटलाय."

"कुठला?"

"आतला."

"मग ऑइल कुठंय सांडलेलं?"

खोटं बोलायला पण शिक्षण लागतं. मी खरं सांगून टाकलं, की आमचे सर येणार हायत, पोरं घेऊन, हे बघायला.

"कसले सर?"

"दगडांचे."

त्यानं भोकात डोकावलं. बराच वेळ डोळा बाजूला करेना. मग घड्याळ बघितलं. "एक तास, काका. आणि हेल्मेटशिवाय कोणी खाली उतरणार नाही. लहान मुलं आहेत."

दोन रिक्षांतून सर आणि सात पोरं आली. हेल्मेटं भरली पाच. दोघांच्या डोक्यावर घमेली घातली. सरांनी इंजिनिअरचं हेल्मेट घातलं आणि माझा दंड धरून उतारावरून खाली आले. मी त्यांचा हात धरून भोकाच्या कडेला ठेवला. कड त्यांनी सगळीकडून चाचपली. आत हात नाय घातला.

"आपण सांगा," ते म्हणाले. "नावं नकोत. दिसतंय ते सांगा."

मी आयुष्यात कशाचं वर्णन केलेलं नाय. बॅटरी आत धरली.

"पांढऱ्या सुया हायत सर. सगळ्या एकाच जागेवरून निघाल्यात, खराटा उलटा ठेवावा तशा. केसाएवढ्या बारीक."

"स्कोलेसाइट. पुढे."

"मागं गुलाबीसर खपल्या हायत. नखासारख्या चमकणाऱ्या, एकावर एक, पेंढी बांधल्यासारख्या. पिकल्या पेरूच्या आत असतो तो रंग."

"स्टिल्बाइट. आणि?"

"वर हिरवट खडे. एकदम पाणी. बाजू चौकोनी, वर टोक. त्यात बॅटरी दिसतीय. तुम्ही पण दिसताय, उलटे."

"अपोफिलाइट," सर हळू म्हणाले. मग विचारलं, "काही फुटलंय?"

"नाय सर. एक सुई पण नाय."

खाली वाकले, चाचपत माझा बूट शोधला आणि त्यावरून बोट फिरवलं. बोट जिभेला लावलं. पोरं बघत होती, घमेली डोक्यावर घेऊन. इंजिनिअर बघत होता.

"काळा," सर म्हणाले. "नुसता काळा."

आणि तसेच वाकलेले, माझ्या बुटावर हात ठेवून, थोडा वेळ थांबले. कंबर धरली असेल. मला काय, मी वरून हेल्मेट बघत होतो.

मग पोरांनी एकेकानं बघितलं, रांगेत, ढकलाढकली न करता. घमेलंवाल्या एका पोरीनं विचारलं, "सर, एक छोटासा तुकडा घेऊ?"

सर म्हणाले, "ज्यांचं काम आहे त्यांना विचार." आणि माझ्याकडं तोंड केलं.

आयुष्यभर मी फोडायचंच काम केलं. मी म्हटलं, "नको बाळा. राहू दे."

मिक्सर येऊन उभा होता. इंजिनिअर म्हणाला, इथं वॉल येणार, आत काँक्रीट जाईल. मी एक शहाबादी फरशी आणली, भोकावर बसवली, कडेनं सिमेंट लावलं. सर शेजारी उभे होते. काँक्रीट ओतायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "बंद झालं?" मी म्हटलं, झालं. "बरं," ते म्हणाले. "परत अंधार झाला."

त्याच्या दुसऱ्या वर्षी सर गेले. पोरं मोठी झाली, कुठं कुठं गेली. त्या दिवसामुळं माझं काम गेलं असं सांगायला बरं वाटतं, पण तसं काय नाय, कंबरच गेली होती. आता मी त्याच सोसायटीत वॉचमन हाय. आमच्याच वावरात, खुर्ची टाकून. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यातल्या भिंतीमागं ती पोकळी हाय. तिथं एकांची मोठी गाडी उभी असते. मी कुणाला सांगितलं नाय. सांगून काय, पार्किंग बदलून मागतील.

दोन पावसाळे झाले, तिथं वर छतातून पाणी झिरपतं. थेंब थेंब. आणि जिथून झिरपतं तिथं एक पांढरी नळी लोंबायला लागलीय, आतून पोकळ, अंड्याच्या टरफलासारखी नाजूक. माझ्या करंगळीएवढी झाली. सेक्रेटरी म्हणाले, "अहो काका, ते पांढरं घाण दिसतं. गाड्यांवर पडतं. ॲसिड टाकून काढून टाका." बाटली पण आणून दिली.

खाली पडलेल्या थेंबांचा पांढरा डाग होता. त्याच्यावर मी एक थेंब टाकला. फसफसलं.

नळीखाली आता मी बादली ठेवतो, गाडीवर पडू नये म्हणून. राहिलेली बाटली आमच्या वॉचमन लोकांच्या संडासात ओतली. भांडं असं चकाकतंय की सरांनी प्रदर्शनात मांडलं असतं.

परवा सेक्रेटरींनी विचारलं, "टाकलं का ॲसिड?"

म्हटलं, "टाकलं."

कुठं टाकलं ते त्यांनी विचारलं नाय. सरांनी विचारलं असतं.